आईच्या नावावर तीन फायनान्सची कर्जं, त्यातलं एक शेजारणीसाठी उचललेलं. आधी कोणतं फेडू?

केजची_लेक

नमस्कार. मी मूळची केज तालुक्यातली. चार वर्षांपासून चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं मांडल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही.

आई गावात शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, जूनमध्ये शाळेचे गणवेश. वडील रोजंदारीवर. दोघांचं मिळून महिन्याला बारा हजार येतात, तेही काम लागलं तर. माझ्या लहानपणी गावात एकच बचत गट होता. महिन्याला पन्नास रुपये बचत, मारुतीच्या पारावर बैठक, पैशाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे. आईचं पहिलं शिलाई मशीन त्याच गटाच्या कर्जातून आलं. तो गट आता नावापुरता उरलाय. त्याऐवजी आमच्या एका गल्लीत पाच तारखेला एका फायनान्सची मीटिंग, बाराला दुसऱ्याची, वीसला तिसऱ्याची. सतरंजी तीच, बायकाही त्याच.

आईची कर्जं अशी:

पहिलं ४०,००० चं, पिको-फॉलचं मशीन आणि घरावरचे पत्रे. हप्ता २,११५. चोवीसपैकी नऊ राहिलेत.
दुसरं ३०,००० चं, वडिलांच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी. हप्ता १,५८६. सतरा राहिलेत.
तिसरं ५०,००० चं. हे आमचं नाहीच. शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न होतं, त्यांचं नाव सिबिलमध्ये बसेना, म्हणून आईनं स्वतःच्या नावावर उचलून दिलं. हप्ता २,६४३. दहा भरले. त्यातले पहिले सात काकूंनी अगदी वेळेवर आणून दिले. मग त्या जोडीनं ऊसतोडीला गेल्या आणि फोन बंद झाला. पुढचे तीन आईनं स्वतः भरले. त्यानंतरचे दोन थकलेत.

गेल्या महिन्यात वसुलीवाले दोघं संध्याकाळी साडेसातला आले आणि ओट्यावर बसून राहिले. त्याच दिवशी दुपारी त्या फायनान्सच्या गटातल्या बाकीच्या बायकांनाही "हिचा हप्ता आल्याशिवाय कुणी उठायचं नाही" म्हणून दोन तास बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून त्या आईशी बोलत नाहीत. आई आता नळाला पाणी आलं तरी लगेच जात नाही. सगळ्यांचं भरून झालं, नळाची धार बारीक झाली, की मग एकच घागर घेऊन जाते. हे मला तिनं नाही सांगितलं, माझ्या भावानं सांगितलं.

आता त्यातल्याच एका कंपनीचे साहेब म्हणतात, ८०,००० चं नवीन कर्ज करून देतो, तिन्ही बंद करा, हप्ता ४,२३० च येईल. व्याज म्हणे शेकडा एकनं पडतं. माझ्याकडे ५५,००० साठलेत. ते घालू का? घातले तर कुठं? आणि काकूंच्या कर्जाला आई खरंच बांधील आहे का?

शिवारातला

ताई, एक रुपया भरू नका. विना तारणाचं कर्ज आहे, काय घेऊन जाणार आहेत? आमच्या तालुक्यात बायकांनी मोर्चा काढलाय, निवडणुकीच्या आधी माफी होणारच. तोवर दार लावून घ्या.

पायवाट

वरच्या दादांचा राग मला कळतो, पण हा सल्ला पाळू नका. का ते सांगतो.

मी सहा वर्षं मायक्रोफायनान्समध्ये फिल्ड ऑफिसर होतो. आधी अमरावती जिल्ह्यात, मग मराठवाड्यात. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. चलनातल्या ८६ टक्के रकमेच्या नोटा एका रात्रीत बाद. कापूस विकला गेलेला, पण हातात रोकड नाही. त्यात विदर्भात गावोगाव हूल उठली की बचत गटांचं कर्ज माफ झालं. माझ्याकडं चौदा सेंटर होती, म्हणजे गटांच्या बायका हप्ता भरायला जमतात त्या जागा. त्यातल्या नऊ सेंटरवर बायकांनी हप्ता बंद केला. माफी आलीच नाही. महाराष्ट्रात २०१७ ला आणि २०१९ ला ज्या कर्जमाफ्या झाल्या त्या शेतीकर्जाच्या होत्या. फायनान्स कंपन्यांच्या कर्जाचा त्यात काही संबंध नव्हता. ज्या बायकांनी भरणं थांबवलं त्यांची नावं क्रेडिट ब्युरोत, म्हणजे सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदीत, खराब झाली, पुढं कोणतीच कंपनी दारात उभी करेना, आणि त्यातल्या कितीतरी जणी पुन्हा सावकाराकडं गेल्या. शेकडा दहानं. महिन्याला. ज्यांनी माफीची हूल उठवली होती, त्यांच्यापैकी एकही त्यांच्या दारात दिसला नाही.

आता तुझं. (वयानं मोठा असेन म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.)

कर्ज आईच्या नावावर, अंगठा आईचा, पैसे आईच्या खात्यात आले. त्यामुळं तिसऱ्या कर्जाची देणेदार आईच. कंपनीच्या दृष्टीनं काकू या व्यवहारात कुठंच नाहीत. हे ऐकायला कडू आहे, पण हे धरूनच पुढचा हिशोब मांडायचा. माझ्या सेंटरमध्येही असं सर्रास चालायचं. कुणाचं कर्ज कुणाच्या घरात गेलंय हे आम्हालाही माहीत असायचं. घरतपासणीला गेलो की बाई म्हणायची "शेळ्या घेतल्या", आणि दावणीला एक शेळी नसायची. मी "शेळीपालन" लिहून पुढं जायचो, कारण महिन्याचं वाटपाचं टार्गेट पूर्ण करायचं असायचं.

साहेबांचं ते नवीन कर्ज, म्हणजे टॉपअप, घेऊ नकोस. ८०,००० चं नवीन कर्ज म्हणजे ४,२३० चा हप्ता पुन्हा पहिल्यापासून चोवीस महिने. त्याऐवजी हे बघ. तुझ्या पैशातून आधी थकलेले दोन हप्ते भर, ५,२८६. मग पहिलं कर्ज पूर्ण बंद कर. नऊ हप्ते म्हणजे एकोणीस हजार भरायचे राहिलेत, पण आज एकरकमी बंद केलंस तर मुद्दल साधारण सव्वासतरा हजारच आहे. मुदतीआधी कर्ज फेडलं म्हणून दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एकूण साडेबावीस हजारांत काम झालं. राहिले दोन हप्ते, १,५८६ आणि २,६४३. बेरीज ४,२२९. म्हणजे साहेबांनी टॉपअपचा जो हप्ता सांगितला, तोच. फरक इतकाच की यातला मोठा हप्ता बारा महिन्यांत संपतो, धाकटा सतरा महिन्यांत, आणि तुझ्याकडं बत्तीस हजार शिल्लक राहतात. ते आईच्या हातात देऊ नकोस. तिचा स्वभाव तू लिहिलास त्यावरून ती ते अजून कुणाच्या तरी लग्नाला देईल.

आज तुमच्या घरातून महिन्याला ६,३४४ जातात, उत्पन्न बारा हजार. १ एप्रिल २०२२ पासूनचा नियम असा की कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तिसरं कर्ज देताना हे कुणीतरी तपासायला हवं होतं. अर्जावर उत्पन्न किती लिहिलंय ते बघ. माझा अंदाज, वीस हजार तरी लिहिलेलं सापडेल. आम्ही ते असंच बसवायचो, हे मी कबूल करतो.

काकूंचं कर्ज लगेच बंद करू नकोस असं मी म्हणतो. व्याजाच्या हिशोबानं कोणतंही आधी बंद केलंस तरी फारसा फरक नाही, पण ते कर्ज मिटलं की काकूंच्या मनातूनही मिटतं. दर महिन्याला हप्ता जातोय तोवर आई विचारू शकते.

आणि वसुलीचं. मायक्रोफायनान्सच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही, फोनही करता येत नाही. ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा बाई आली नाही तरच घरी जायची मुभा आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना शेजाऱ्यांना त्रास, चावडीवर नाव लावणं, हे सगळं मनाई. कंपनीच्या माणसाला हे पाठ असतं. मलाही होतं. तरी मी बसलोय लोकांच्या ओट्यावर.

एक घर विसरत नाही. मोर्शीच्या बाजूला. भिंतीवर कालनिर्णय, त्याच्या खालच्या खिळ्याला चार लोनकार्डं अडकवलेली. निळं, हिरवं, केशरी आणि पिवळं. बाईला वाचता येत नव्हतं. मी दारात दिसलो की ती खिळ्याजवळ जायची आणि विचारायची, "साहेब, आज कोन्तं?" मी म्हणायचो, निळं. ती निळं काढून द्यायची. एके दिवशी ३४० रुपये कमी पडले. मी बसून राहिलो. दिवेलागण झाली. तिनं पिठाच्या डब्यात हात घातला, तळातून पाच-पाचची नाणी काढली आणि प्रत्येक नाणं पदरानं पुसून माझ्यापुढं मांडलं. अडुसष्ट नाणी. ती मोजत होती, मी पावती फाडायला थांबलो होतो, आणि तिची पोरं आतून बघत होती. त्यानंतर पाच महिन्यांनी मी नोकरी सोडली. आता परतवाड्याला मोटार रिवाइंडिंग करतो.

केजची_लेक

दादा, मी हे कंपनीच्या बसमध्ये वाचलं. अर्जाचं पाहिलं, भावाकडून फोटो मागवला. बावीस हजार लिहिलंय. व्यवसाय "किराणा दुकान". आमच्या घरात किराणा आणायला पैसे नसतात, दुकान कुठलं.

शेकडा एकचं काय ते मला अजून कळलं नाही.

निवृत्त_कॅशियर

ते मी सांगतो. चाळीस हजारांवर २,११५ चे चोवीस हप्ते म्हणजे एकूण ५०,७६०. वरचे १०,७६० भागिले चोवीस महिने केले की महिन्याला साधारण ४४८ येतात, म्हणजे चाळीस हजारांवर शेकडा एकच्या थोडं वर. साहेबांनी हेच गणित आईला सांगितलं असणार. पण आई दर महिन्याला मुद्दलही फेडत असते. विसाव्या महिन्यात तिच्याकडं कंपनीचे जेमतेम आठ हजार असतात, चाळीस नाही. घटत्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर वर्षाला २४ टक्के होतो. कर्ज देताना एक तक्ता द्यावा लागतो, बाईला समजेल त्या भाषेत, त्यात वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. तो मागा. प्रोसेसिंग फी आणि विम्याचे पैसे कापून हातात किती आले तेही त्यात दिसेल. विमा सक्तीनं गळ्यात मारता येत नाही.

तक्रार आधी कंपनीकडं लेखी द्या, लोनकार्डावर नंबर असतो. वेळ, तारीख, कोण आलं, काय म्हणालं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. फोन १४४४८. मराठीत बोलतात.

एक सांगावंसं वाटतं. सध्याचे हे सगळे नियम आंध्रातल्या बायकांच्या जिवावर आलेत. २०१० साली तिथं एकेका बाईवर पाच-सहा कंपन्यांची कर्जं झाली होती, वसुलीच्या जाचानं आत्महत्या झाल्या, ऑक्टोबरमध्ये सरकारनं अध्यादेश काढला आणि राज्यभरची वसुली कोसळली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं मालेगाम समिती नेमली, आणि २०११ च्या डिसेंबरात या कंपन्यांसाठी वेगळा वर्ग केला. व्याजावर मर्यादाही आली होती, ती २०२२ ला काढून टाकली. ती काढली हे मला आजही पटत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेनं चार कंपन्यांचं नवीन कर्जवाटप थांबवलं, त्यात दोन मायक्रोफायनान्सच्या होत्या आणि कारणांत अवाजवी दर हेही होतं. कंपन्यांच्या संघटनेनंही त्याच वर्षी एका बाईला जास्तीत जास्त चार कंपन्या असं ठरवलं आणि पुढं ते तीनवर आणलं. तुमच्या आईच्या तीन झाल्यात.

माणदेशातली_सीआरपी

लेकी, मी उमेदमध्ये, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, सीआरपी आहे. गावात बचत गट उभे करणारी कार्यकर्ती. आमच्या गावात अकरा गट मी उभे केले, त्यातले आठ चालू आहेत. तुझ्या पोस्टमधलं "तो गट नावापुरता उरलाय" हे वाक्य मला लागलं.

हिशोब वर भावांनी चांगला सांगितलाय, त्यात मी पडत नाही. फक्त तुझ्या पैशाचं म्हणते. साडेबावीस हजार घाल, त्याच्या पुढं एक रुपया नको. पोरीनं कमावलेलं सगळं आईच्या कर्जात गेलं की त्या घरात पोरीला नाही म्हणता येत नाही पुढं. मी बघितलंय.

फायनान्सवाले वाईट आणि आम्ही चांगले असं मी म्हणणार नाही. बायका त्यांच्याकडं का गेल्या? आमच्या गटाला बँकेत कर्जाची फाइल घेऊन मी एका वर्षी सात हेलपाटे मारलेत. मॅनेजर बदलला, फाइल परत पहिल्यापासून. कधी ठराव चुकला, कधी सचिवाची सही आधारसारखी नाही, कधी "मार्चनंतर या". फायनान्सचा पोरगा मोटारसायकलवर दारात येतो, अंगठा घेतो, आठवड्यात पैसे खात्यात. ज्या बाईचा नवरा दवाखान्यात आहे ती सात टक्क्यांची वाट बघत बसेल का चोवीस टक्क्यांचं घेईल? तुझ्या आईनं हर्नियाला काय केलं ते तूच लिहिलंस.

पण तरी ऐक. गटाला तीन लाखांपर्यंत बँकेचं कर्ज सात टक्क्यांनी मिळतं. आणि गटातल्या गटात आम्ही शेकडा दोननं फिरवतो, तेही चोवीसच झालं वर्षाला, पण ते व्याज आमच्याच पेटीत राहतं. वर्षाअखेरीला आम्ही ते मोजतो तेव्हा बायकांचे चेहरे बघण्यासारखे असतात. १९९२ ला नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, पाचशे गट घेऊन हे बँकेला जोडायचं सुरू केलं तेव्हा कुणाला वाटलं होतं की अंगठेबहाद्दर बाया कर्ज फेडतील? आमच्या म्हसवडच्या बायकांनी बँक काढायला अर्ज केला तर लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवाना नाकारला. त्यांनी साक्षरतेचे वर्ग लावले, परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याज तोंडी विचारा. १९९७ ला बँक उभी राहिली, आज आहे.

तुझ्या आईचा जुना गट किती जणींचा होता? दहातल्या सहा जणी जरी बसायला तयार झाल्या तरी तो परत उभा राहतो. तुमच्या गावची सीआरपी कोण आहे ते ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या गटांच्या संघात, विचार. आणि आधी आईला त्या बायकांसमोर बसव. कंपनीच्या मीटिंगमध्ये नाही, दुसऱ्या दिवशी, घरी, चहा करून. पन्नास हजार काकूंच्या मुलीच्या लग्नाला गेले हे त्यांना ठाऊक आहे का? मला वाटतं त्यांना वाटतंय की तुझ्या आईनंच खाल्ले.

काकूंचा मुकादम कोण ते काढ. तालुक्यातल्या कुणालाही विचारलं तर दोन फोनमध्ये नंबर मिळतो. ऊसतोडीला गेलेलं माणूस हरवत नाही, त्याच्या डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, असतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ते कुठं आहे हे मुकादमाला पक्कं माहीत असतं.

शिवारातला

पायवाट दादा, अडुसष्ट नाण्यांचं वाचलं. माझ्या बहिणीच्या घरी तीन कार्डं आहेत, म्हणून तसं लिहिलं होतं. ती भरतेय. मी तिला सल्ला दिला होता, तिनं ऐकला नाही. चाळीस हजारांचं गणित तिला आज रात्री दाखवतो.

केजची_लेक

सगळ्यांना उत्तर एकत्रच देते. शनिवार-रविवार गावी जाऊन आले.

मुकादम सापडला. काकू कर्नाटकातल्या एका कारखान्याच्या हद्दीत कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, आहेत. फोन बंद नव्हता, पाण्याच्या टाकीत पडून गेला होता आणि दुसरा घ्यायला पैसे नव्हते. मुकादमाच्या पोराच्या फोनवरून बोलल्या. आईचा आवाज ऐकल्यावर दोघी किती वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग काकू म्हणाल्या, "तुला तोंड कसं दाखवू म्हनून फोन केला न्हाई." मला आधी खूप राग होता. तो गेला असं नाही म्हणणार, पण कमी झाला. संध्याकाळी त्या पोराच्या फोनवरून दोन हजार आले. बाकीचं पट्टा पडल्यावर, असं ठरलंय. मी ते वहीत लिहून घेतलं आणि तारीख टाकली.

थकलेले दोन हप्ते भरले, पावती घेतली. साडेसातला आलेल्या माणसांबद्दल लेखी तक्रार दिली, पोच घेतली. शाखेतला माणूस म्हणाला, ताई हे कशाला लेखी. मी म्हटलं, असू दे.

चहाला सहा जणींना बोलावलं, चौघी आल्या. लग्नाचं खरंच कुणाला माहीत नव्हतं. आईनं कुणालाच सांगितलं नव्हतं, काकूंची लाज राखायला. एक जण बसल्या बसल्या म्हणाली, मग माझ्याही नावावर एक आहे असंच. आणि मग दुसरी म्हणाली, माझ्याही. त्या चौघींत मिळून तीन कर्जं दुसऱ्यांची निघाली. ती कुणाची ते इथं लिहीत नाही.

सीआरपी ताई, जुन्या गटाची पेटी माळ्यावर सापडली. आत शेवटचा ठराव २०१७ चा, आणि बँकेचं पासबुक, त्यात ११,४६० शिल्लक. खातं बंद पडलं असेल का? ते परत चालू करायला काय काय कागद लागतात ते सांगा. पहिलं कर्ज बंद करायला येत्या पाच तारखेला मीटिंगला आईबरोबर मी जाणार आहे. रजा टाकलीय.

माणदेशातली_सीआरपी

खातं मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. जुना ठराव, पासबुक, आता ज्या पदाधिकारी असतील त्यांचं आधार, पॅन आणि फोटो, आणि पदाधिकारी बदलल्याचा नवीन ठराव. ठराव कसा लिहायचा त्याचा नमुना तुला मेसेज करते. बँकेत सोमवारी जाऊ नका, फार गर्दी असते. आणि आईलाच बोलू दे तिथं.